डब्यातली विहीर

कार्डगेमचा नवा संच आला आणि त्यातल्या ‘वणवा’ या कार्डानं राजारामपुरीतल्या दुकानातली रविवारची स्पर्धाच गिळली. जो तो वणवा टाकायचा, समोरच्याची कार्डं जाळायचा आणि जिंकायचा. अपूर्वा ओळीनं तीन रविवार हरली. “वणवा घे, न्हायतर घरात बस,” आतेभाऊ सम्मेद म्हणाला. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही. दुकानात काजूचा डबा होता. नको झालेली कार्डं सगळे त्यात टाकायचे. फरशीवर मांडी घालून तिनं त्यातलं एकूणएक कार्ड वाचून काढलं. आज अंतिम फेरीत सम्मेदनं वणवा टाकला. अपूर्वानं ‘विहीर’ नावाचं कार्ड पुढं सरकवलं. त्यावर लिहिल्याप्रमाणं आग उलटली, जळाली ती सम्मेदचीच कार्डं. “ह्ये कुठलं?” त्यानं ते प्लास्टिकच्या कव्हरातून काढलं. “डब्यातलं,” अपूर्वा म्हणाली. “पहिल्या संचातलं. तवा आगच नव्हती, म्हणून कुणी ठेवलं न्हाय. मागं बघ.” पाचवीतल्या गिचमिड अक्षरात त्याचंच नाव होतं.