टपावरचा तवा

अँटेनाचं लोहचुंबक इंद्रजितनं गाडीच्या टपावर ठेवलं, तसं ते घरंगळत खाली आलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा आलं. स्पोर्ट्स कारची सगळी बॉडीच कार्बन फायबरची. चुंबक चिकटणार कशाला? आणि रॅलीचा नियम कडक : वायरलेस चालत नसेल, तर गाडी सुटणार नाही.

"एवढी महागाची गाडी, आणि साधा पत्रा नाही होय रे तिला?" अंगणात मिरच्या वाळत घालणाऱ्या आईनं विचारलं.

इंद्रजितचं डोकं चाललं. आई मिरच्यांत गुंतलेली बघून स्वयंपाकघरातला भाकरीचा लोखंडी तवा त्यानं गुपचूप आणला, चिकटपट्टीनं टपावर पक्का केला आणि वर अँटेना टेकवला. खट्कन बसला! केबल दाराच्या रबराखालून आत ओढून वायरलेस सेटला जोडली. जोडीचा सेट आईच्या हातात देऊन म्हणाला, "आत जाऊन बटण दाब आणि बोल काहीतरी." आई बोलली. आवाज खणखणीत.

गावाबाहेरच्या मैदानात बाकीचे स्पर्धक तव्याकडे बघून पोट धरून हसले. पंचांनी मात्र वायरलेस तपासला आणि मान डोलावली. इंजिन गुरगुरलं. झेंडा वर गेला.

तेवढ्यात सेट खणखणला. "इंद्रा, माझा तवा नेलास होय रे? पाहुणे ताटावर बसलेत, पीठ मळून तयार आहे. आण आधी!"

झेंडा पडला. सगळ्या गाड्या घाटाकडे सुसाट सुटल्या. इंद्रजितनं कपाळावर हात मारला आणि गाडी घराकडे वळवली.

आवाज इतका स्वच्छ आला होता, की ऐकू आलं नाही म्हणायची सोयच उरली नव्हती.