साडेचौतीस

नर्सबाईंनी टेप काढली, तसं शिंपीकाकांनी पोट पार पाठीला नेऊन चिकटवलं. साखर, रक्तदाब आणि पोट या तिघांनी संगनमत करून डोकं वर काढलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, कंबर पस्तीस इंचांच्या आत आणा. काकूंनी त्याला स्वतःचं कलम जोडलं होतं, "तोवर चहात साखर नाही." त्याला आज चार महिने झाले होते.

"साडेचौतीस!" नर्सबाई ओरडल्या. "काका, जिंकलात की हो!"

काकांना गोड चहाचा वासच आला. समोर काकू मांडीवर दवाखान्याची फाईल आणि हातात पेन घेऊन बसल्या होत्या. तीस वर्षं दुकानात मापांची वही घेऊन बसायच्या, अगदी तशाच. कमरेभोवती टेप आणि समोर काकू, झालं! आनंदाच्या भरात काकांनी दुकानातली खणखणीत हाक दिली,

"लिही गं! कंबर साडेचौतीस! गिऱ्हाइकानं पोट आत ओढलंय, दोन वाढवून धर!"

काकूंनी मानही वर न करता लिहिलं, साडेछत्तीस.