काळी पाच

ग्रीनरूमच्या दाराशीच कुमुदताई थबकल्या. आत तानपुरे काळी पाचला जुळत होते. त्या स्वतः काळी चारला गात; काळी पाच ही त्यांच्या शिष्येची, शर्वाणीची पट्टी.

“माझे तानपुरे कुठायत गं?”

शर्वाणीने मान वर केली नाही. “ताई, आज तुमचा सत्कार आहे. गायला मी बसणार. तुम्हाला झेपणार नाही, असं मीच आयोजकांना कळवलं.”

ताईंची चौथी केमो सोमवारी होती. महोत्सवात गाता यावं म्हणून त्यांनी हट्टाने ती आठवडाभर पुढे ढकलायला लावली. “गाठ काही तुमच्या मैफलीसाठी थांबणार नाही,” असं डॉक्टरांनी सुनावलं, तेव्हा शर्वाणी फाइल घेऊन शेजारीच बसली होती.

“त्या दिवशी तुला हे ठाऊक होतं?”

“पत्रिका आदल्याच दिवशी छापून आल्या होत्या, ताई. दाखवायचं धाडस झालं नाही.”

शर्वाणी पुन्हा खुंटी पिळू लागली. तार किंचित चढी लागली होती. वीस वर्षांत शिष्येचा असा स्वर ताईंनी दुरुस्त केल्याशिवाय कधी सोडला नव्हता. आज त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं.