डोक्यावरची पिसं

नणंद गेली आणि तिच्या पोपटाने स्वतःचीच पिसं उपटायला घेतली. छाती उघडी पडली, तरी थांबेना. वहिनीचा जीव तुटायचा. नणंदेची तेवढीच एक खूण घरात उरली होती. पण हात पुढे केला की बेटा कडकडून चावायचा.

"दुःखानं माणसासारखंच यांच्याही मेंदूतलं रसायन बिघडतं," असं म्हणून पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब लिहून दिले. वहिनी ते फळाच्या फोडीवर घालून पिंजऱ्यात ठेवायची. औषध लागू पडलं. उपटणं थांबलं, डोक्यापासून शेपटीपर्यंत नवी पिसं आली.

डॉक्टरीणबाईंनी त्याला निरखून पाहिलं. "डोकं छान खाजवता हो तुम्ही! नव्या पिसावरचा पापुद्रा चुरून काढावा लागतो, आणि डोक्यावर याची चोच पोचत नाही."

"मी? अहो, मला बोटं शाबूत हवीत! ते लाड आमच्या वन्संचे."

"मग आता कोण करतं?"

घरी येऊन वहिनीने पिंजरा खिडकीत टांगला आणि समोर बसली. उन्हात पोपट गजांशी सरकला. मान खाली घालून त्याने डोळे मिटले. डोक्यावरची पिसं हळूच दुभंगली, मिटली, जरा पुढे पुन्हा दुभंगली. पांढरी भुकटी खाली सांडत राहिली.

पोपट दचकू नये म्हणून वहिनी अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "वन्सं, डाव्या कानामागं राहिलंय."

पिसं हलायची थांबली.

मग डाव्या कानामागची पिसं अलगद उचलली गेली.