लक्ष्म्यांची अंबाडी

रानाला लागून जुन्या बॅटऱ्या वितळवायची भट्टी होती. ती बंद पडली, पण मातीत उतरलेलं शिसं काही गेलं नाही. ते ओढून घ्यायला परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या साहेबांनी राजेश्रीच्या रानात अंबाडी पेरायला लावली. "जनावराच्याही तोंडाला लागू देऊ नका," असं बजावून गेले. नवऱ्यानं, भागवतनं, वर आपली ताकीद दिली, "गावात बोलायचं न्हाई. कळलं तर आपलं दूधबी कुणी घेणार न्हाई."

म्हणून शेजारच्या दगडाबाईनं महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला जुडीभर अंबाडी मागितली, तेव्हा राजेश्री नुसतं "न्हाई" म्हणाली आणि गावभर कंजूस ठरली.

तरी दगडाबाईनं तिला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलंच. नैवेद्य दाखवून पंगत बसली. भाजीचं पातेलं घेऊन दगडाबाई आधी तिच्यापुढंच वाकली.

"रागावू नको बाई, सकाळी तुज्याच रानातून तोडून आणली. देवाचं काम हाय."

 राजेश्रीनं पंगतीकडं पाहिलं. बाया वाढायची वाट बघत होत्या.

"मावशी, मला लय आवडती. समदी मलाच द्या," म्हणत तिनं पातेलं ओढलं आणि आपल्या पानात उपडं केलं.

बाया खळखळून हसल्या. "द्यायला जीव हुईना, अन् खायला बघा कशी!"

दगडाबाई मात्र कौतुकानं तिच्यासमोर फतकल मारून बसली.

"खा माय, पोटभर खा. लक्ष्म्यांचं हाय, पानात टाकायचं न्हाई."