लखलखीत पेले

पहिला पेला भरला आणि फेस वर येता येताच बसला.

सुनेने तोटी बंद केली. पेला वस्तादांसमोर ठेवेपर्यंत बिअरवर भांडी घासलेल्या पाण्यासारखे चार बुडबुडे उरले होते. गव्हाची बिअर ती. हिच्यावर तर चांगला दोन बोटं फेस उभा राहायला हवा.

वस्तादांनी घोट घेतला. बिअर करायला तिला त्यांनीच शिकवलं होतं आणि त्यांची रीत तिला पाठ होती. पसंत पडली की पेला रिकामा करून फळीवर पालथा घालायचा. नाही पडली तर अर्धा तसाच पुढे सरकवायचा. तुम्ही पेले सरकवलेत तर उद्या दुकानाचं शटर उघडणार नाही, टाक्या गटारात सोडीन, असं तिनेच त्यांना बोलावताना सांगितलं होतं.

अर्धा पेला पुढे सरकला.

"अगं, दुसरी दे ना," सासूबाई कोपऱ्यातल्या स्टुलावरून म्हणाल्या. "एका घासावरून कोणी जेवणाला नावं ठेवतं का?"

वर्षभर त्या या जागेला 'आंबट कारखाना' म्हणत होत्या आणि पायरी चढत नव्हत्या. आज सकाळी मात्र शिलाई मशीन झाकून आल्या, बाह्या सारल्या आणि फळीवरचा एकेक पेला धुऊन, पुसून, खिडकीपाशी उजेडात धरून पाहिला. कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरी बिअर सोनेरी. फेस आला, गेला. तिसरी तांबूस. फेस आला, गेला. आणखी दोन अर्धे पेले पुढे सरकले.

"काल बरी होती हो," सून पुटपुटली. तिचे कान तापले होते. "काल फेसावर काडी उभी राहत होती."

"कालचं काल," वस्ताद म्हणाले.

पण त्यांनी तिसरा पेला पुन्हा उचलला. उजेडात फिरवला. आतून काचेला बारीक बुडबुडे चिकटून बसले होते, हलत नव्हते. वस्तादांनी बिअरचा नाही, पेल्याच्या कडेचा वास घेतला.

"पेले कोणी पुसले?"

"मी!" सासूबाई ताठ बसल्या. "सांगा, असे लखलखीत पेले पाहिलेत कुठे? नुसतं फडकं फिरवून होत नाही ते. मशीनच्या खणातलं खास फलाटीन आणलंय. माझ्या हातचं काम म्हणजे काम."

फलाटीनचा मऊ तुकडा त्यांच्या मांडीवर होता. सुनेने घडी घालायच्या निमित्ताने तो उचलला आणि नाकाजवळून नेला. मशीनचं तेल. घरात दुपारभर हाच वास असायचा.

तिने वस्तादांकडे पाहिलं, वस्तादांनी तिच्याकडे. पेल्याला तेलाचा नुसता हात लागला तरी फेस मान टाकतो, हा त्यांनी तिला शिकवलेला पहिला धडा.

वस्तादांनी तोंड उघडलं. सुनेने एवढीशी मान हलवली. "नको."

"काय नको?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई."

"चौथी नको म्हणत असतील. तीन पेल्यांतच दमले बिचारे."

"चौथी तर हवीच," वस्ताद म्हणाले. "पण या पेल्यांतून नको. फार चमकतात, डोळे दिपतात माझे. तो मग दे."

मोरीजवळ चमचे विसळायचा एक पत्र्याचा मग होता. त्याच्याकडे सासूबाईंनी सकाळपासून ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"तो? अहो, त्याचा रंग उडालाय!"

"माझाही उडालाय."

सुनेने मग विसळला आणि काळी बिअर सोडली. फेस चढत चढत काठाच्या वर आला आणि तिथेच राहिला, दाट, बदामी. तिने श्वास रोखला. वस्तादांनी मिशा बुडवून घोट घेतला. मग दुसरा. मग थांबलेच नाहीत. रिकामा मग फळीवर पालथा पडला.

"आता त्या आधीच्या तिन्ही दे. यातूनच."

तिने दिल्या, दर वेळी मग विसळून. तिन्ही वेळा तो पालथा पडला.

"उद्या शटर वर कर," वस्ताद मिशा पुसत म्हणाले.

हातातल्या फलाटीननेच सुनेने डोळे टिपले.

"अगं, दे इकडे ते, मळवशील," सासूबाई उठून आल्या. "आणि मलाही घोटभर दे. एवढा आटापिटा कशासाठी चालला होता ते बघू तरी." सुनेने हात पुढे करायच्या आत त्यांनी मग उचलला आणि फलाटीनने आतून बाहेरून खसखसून पुसला.

सुनेने तो तोटीखाली धरला. तिरका धरून पाहिला, सरळ धरून पाहिला, वरून धार सोडून पाहिली. फेस आला आणि बसला.

सासूबाईंनी मगात डोकावलं. "बघा वस्ताद. तुम्हाला ढीगभर आणि मला हे एवढंसं. सुनेचा हात सासूच्या वेळीच आखडतो."

वस्तादांना खोकला आला. सून ओठ दाबून तोटीकडे बघत राहिली.

सासूबाईंनी मग तोंडाला लावला. एक घोट घेऊन थांबल्या. भुवया वर गेल्या. मग बाकीची सगळी एका दमात प्यायल्या, फलाटीनने ओठ टिपले आणि रिकामा मग फळीवर पालथा घातला.