मान वळेपर्यंत

"सैल सोडा. आणखी सैल," असं म्हणत डॉक्टरांनी तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि हलकेच उजवीकडे वळवलं. मानेत कट्‌ असा आवाज झाला.

"आता तुमची तुम्ही वळवून दाखवा."

तिने मान फिरवली. भिंतीवरच्या मणक्याच्या चित्रापासून पार खिडकीपर्यंत. तीन महिन्यांपूर्वी कुणी हाक मारली, तर तिला कपाटासारखं अख्खं वळावं लागायचं.

डॉक्टर कायरोप्रॅक्टर होते. गोळी नाही, सुई नाही, सगळा कारभार दोन हातांचा. ताईशी फोनवर बोलताना ती त्यांना 'सांध्यांचे मेकॅनिक' म्हणायची. नवऱ्याशी असल्या गमती करणं तिने सोडून दिलं होतं. त्याच्याशी ती कामापुरतंच बोलायची.

डॉक्टरांचा अंगठा उजव्या खांद्याजवळच्या हाडावर थांबला. अपघातात ते मोडलं होतं आणि जुळताना तिथे बोराच्या बीएवढी गाठ राहिली होती.

"ही आता जन्माची सोबतीण. पट्टा जिथून जातो तिथेच हाड मोडलं. पण त्यानेच तुम्हाला वाचवलं, त्याला नावं ठेवू नका."

"पट्ट्याला कोण नावं ठेवतंय?" ती म्हणाली.

नावं ज्याला ठेवायची तो बाहेर बाकावर बसला होता, तिची पर्स मांडीवर घेऊन.

त्या दिवसाचं तिला काहीच आठवत नव्हतं. घराला कुलूप लावल्याचं आठवत होतं, आणि मग एकदम हॉस्पिटलचं छत. शेजारी तो बसला होता. "गाडी मी चालवत होतो," तो म्हणाला. "चूक माझीच. बाबा मागे बसले होते. ते गेले." लोक जमायच्या आत त्यानेच तिला ओढून बाहेर काढलं होतं, असं नंतर कळलं.

आईच्या मागे बाबांनी दोघी बहिणींना एकट्याने वाढवलं होतं. जावयाच्या गाडीत बसले की ते हमखास चिडवायचे, "जावईबापू, चालत निघालो असतो तर एव्हाना पोचलो असतो." गोगलगायीला लाजवणारा हा माणूस, आणि नेमकी त्याच दिवशी त्याला कसली घाई झाली होती? विचारलं की तो मान खाली घालायचा. तिला त्याचा फार राग येत होता.

मान वळायला लागली की ताईकडे जायचं, कायमचं, असं तिने त्याला सांगून टाकलं होतं. "आधी बरी हो," एवढंच तो म्हणाला होता.

ती बाहेर आली तसा तो उठला आणि त्याने पर्स उजव्या खांद्याला लावली.

"तुमचा डावा खांदा उतरलाय," डॉक्टर त्याला म्हणाले. "या, बसा. बघतो."

"मला काही झालेलं नाही," तो म्हणाला. दर वेळी हेच.

भोगू दे, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

खाली त्याने नेहमीसारखं मागचं दार उघडून धरलं. तीन महिने ती मागेच बसत होती. आज मात्र ती गाडीला वळसा घालून पुढच्या डाव्या दाराशी गेली.

"अगं, मागेच बस ना."

"नको. मला बोलायचंय, आणि तोंडावर बोलायचंय."

तो स्टिअरिंगमागे बसला आणि त्याने उजव्या खांद्यावरून पट्टा ओढून लावला. काय बोलायचं ते तिने आठवडाभर घोकलं होतं. माफ करायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. राग संपला, पण तुझ्याबरोबर राहवणार नाही. एवढंच बोलायचं होतं. बोलण्याआधी तिने पट्ट्याकडे हात नेला.

"राहू दे तो," तो घाईघाईने म्हणाला. "जवळच तर जायचंय."

गाडी आवारात इकडची तिकडे लावायची असली तरी पट्टा लावणारा माणूस हा. तिने पूर्ण मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो समोर बघत होता आणि त्याचे डोळे भरले होते.

तिने पट्टा ओढला. तो डाव्या खांद्यावरून खाली आला, आणि उजवीकडची गाठ मोकळीच राहिली.